युद्धस्मृतिलेखन

युद्धस्मृतिलेखन : युद्धात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या व्यक्तीने आपल्या युद्धकालीन अनुभवांविषयी मागाहून केलेले आत्मपर लेखन. युद्धाचा इतिहास, पलटणीचा वृत्तान्त, सेनानीचा अहवाल, रोजनिशी व पत्रे यांच्याशी त्याचे जवळचे नाते असले, तरी ते या सर्वांहून भिन्न आहे. इतिहासकार संपूर्ण रणक्षेत्र दुरून पाहतो व सेनानी ते नकाशावर पाहतो. पायदळातील शिपायाला मात्र समोरचे पन्नास-शंभर पावलांचे अंतर, डाव्या-उजव्या बाजूचे सोबती आणि आपल्या अंगावरील ओझे एवढेच दिसते. या मर्यादित दृष्टिक्षेत्राची विश्वसनीय नोंद करणे, हे शिपायाच्या स्मृतिलेखनाचे मुख्य वैशिष्ट्य होय. अशा लेखनातून भूक, तहान, चिखल, आजार, भीती, मैत्री व मृत्यू यांचे असे चित्र मिळते, की जे अधिकृत कागदपत्रांत सहसा आढळत नाही.

सेनानींची आत्मवृत्ते प्राचीन काळापासून उपलब्ध आहेत. झेनोफनचे ॲनाबॅसिस व जूलिअस सीझरचे गॉलमधील युद्धावरील लेखन ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. सामान्य शिपायाने केलेले लेखन त्या मानाने विरळ आहे. मेक्सिकोच्या स्वारीत कोर्तेसच्या हाताखाली लढलेला स्पॅनिश शिपाई बेर्नाल दीआस देल कास्तीयो याने उतारवयात आपल्या आठवणी लिहिल्या. त्या त्याच्या मृत्यूनंतर १६३२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. विजयाचे सारे श्रेय एकट्या सरदाराला देणाऱ्या इतिहासग्रंथाने अस्वस्थ होऊन त्याने लेखणी हाती धरली. ‘तेथे आम्हीही होतो’ हे सांगण्याची ही निकड पुढील काळातील बहुतेक सैनिकी आठवणींच्या मुळाशी दिसून येते.

महाराष्ट्रातील जुनी परंपरा : महाराष्ट्रात युद्धात पडलेल्या वीराचे स्मरण प्रथम दगडावर झाले. गावच्या वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे त्याचे साधन होय. वीरगळाच्या सर्वांत खालच्या चौकटीत बहुधा युद्धाचा किंवा गोधन सोडविण्याचा प्रसंग, त्याच्या वर अप्सरांनी वीराला स्वर्गात नेण्याचे दृश्य आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर कोरलेला असतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर मात्र लेख नसल्यामुळे वीराची मुद्रा टिकली, पण नाव लोपले.

मराठेशाहीत बखरी व पोवाडे यांनी युद्धांची स्मृती जतन केली. त्यांत नायकत्व राजे व सरदार यांच्याकडे असते. पायदळाचे शिपाई व बारगीर समूहरूपाने येतात. आत्मपर लेखनाचे अपवादात्मक उदाहरण म्हणजे नाना फडणीस यांचे त्रुटित आत्मचरित्र. त्यात १७६१ च्या पानिपतच्या पराभवानंतर जीव वाचवून परतलेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे मनोगत प्रांजळपणे आले आहे. परंतु नाना हे लढवय्ये नव्हते, पेशव्यांच्या परिवारातील कारकुनी घराण्याचे होते. विष्णुभट गोडसे यांचे माझा प्रवास (प्रकाशन १९०७) हे १८५७ च्या उठावाचे मराठीतील अनमोल निवेदनही झाशीत अडकलेल्या एका भिक्षुकाचे आहे, शिपायाचे नव्हे. लेखणी व तलवार ही दोन्ही एका हातात क्वचितच आल्याने मराठी शिपायाची गोष्ट दीर्घकाळ इतरांनीच सांगितली.

भीमथडीचा मुलूख : पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके या परंपरेच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा या नद्यांमधील हा प्रदेश असून दोन्ही नद्यांचा संगम इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे होतो. पर्जन्यछायेतील या मुलखात पाऊस थोडा व अनिश्चित. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळात काटकपणाबद्दल नावाजलेली होती. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे व इंदापूर यांचाही समावेश होता आणि मालोजीराजे भोसले यांना इंदापूर येथेच वीरमरण आले, असे परंपरा सांगते.

पावसाळ्यात शेती व दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर मुलूखगिरी, हा मराठ्यांच्या काळातील शेतकरी-शिपायाचा वार्षिक क्रम होता. इंग्रजी अमलात तो मोडला. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या असंतोषातून मे १८७५ मध्ये सध्याच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो दख्खनच्या इतर भागांत पसरला. पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यावर त्याखालील जमिनींना पाणी मिळाले. कालव्यापासून दूरची जमीन जिरायतच राहिली. अशा कुटुंबांना पलटणीतील पगार व निवृत्तिवेतन हे पावसावर अवलंबून नसलेले रोख उत्पन्न होते. भरतीमागील ही आर्थिक बाजू लक्षात घेतल्याखेरीज शिपायाच्या आठवणींचा अर्थ नीट लागत नाही : तो शौर्यासाठी लढला, त्याचप्रमाणे घरच्या मनीऑर्डरीसाठीही लढला.

कंपनीचे सैन्य व मरीन पलटण : जहाजावर राहून लढणाऱ्या व किनाऱ्यावर उतरून चढाई करणाऱ्या पायदळाला पाश्चात्त्य सैन्यांत मरीन असे म्हणतात. महाराष्ट्रात या प्रकारच्या पलटणीला मोठी परंपरा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराच्या जहाजांवर काम करणाऱ्या शिपायांच्या तुकड्यांतून १७७७ मध्ये मुंबई येथे मरीन पलटण उभारण्यात आली. पुढे तिला २१ वी मुंबई पायदळ पलटण व १९०३ मध्ये १२१ वी पायोनियर्स अशी नावे मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत ती दुसऱ्या मुंबई पायोनियर्समध्ये समाविष्ट झाली आणि १९३० नंतरच्या दशकात पायोनियर पलटणीच विसर्जित झाल्या. समुद्रपर्यटनाचा निषेध मानला जाण्याच्या काळात हे शिपाई जहाजावर राहत व परमुलखात लढत. तथापि त्यांच्या कामगिरीची नोंद मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांतूनच मिळते.

मुंबई सैन्यातील शिपायांची नावे निदान दगडावर कोरली गेल्याचे जुने उदाहरण पुणे जिल्ह्यातच, भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तेथे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे असून त्यांतील अनेक नावे ‘नाक’ या प्रत्ययामुळे महार शिपायांची म्हणून ओळखता येतात. या नोंदीला पुढे सामाजिक महत्त्व आले. १८९० नंतरच्या काळात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्जाद्वारे तिच्याविरुद्ध दाद मागितली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने जेजुरी येथे भरलेल्या परिषदेनेही भारतमंत्र्याकडे तीच मागणी केली. पूर्वजांनी बजावलेली सैनिकी सेवा हा या अर्जांतील प्रमुख आधार होता. युद्धस्मृती ही केवळ गौरवाची बाब नसून हक्काचा पुरावाही असते, हे यावरून स्पष्ट होते.

हिंदी शिपायाचे म्हणून प्रसिद्ध असलेले जुने आत्मवृत्त अवधमधील सीताराम याचे आहे. बंगाल सैन्यात १८१२ पासून सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या या शिपायाच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद नॉर्गेट या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हिंदी संहिता उपलब्ध नसल्याने त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

पहिले महायुद्ध : या युद्धात (१९१४–१८) हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख सैनिक व सेवक परदेशी गेले व त्यांपैकी ७४,००० हून अधिक मरण पावले. मेसोपोटेमियात (सध्याचा इराक) गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादकडील चढाई फसल्यावर ही डिव्हिजन कूत-अल्-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढली गेली व उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. युद्धकैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि त्यांतील हजारो वाटेत किंवा मजुरीच्या छावण्यांत मृत्युमुखी पडले.

या कैदेची आतील हकिगत एका बंगाली स्वयंसेवकामुळे टिकून राहिली. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी आपल्या रोजनिशीचे तुकडे करून ते बुटांत लपविले, कैदेत त्यांची पुन्हा नक्कल केली व त्या आधारे पुढे अभी ले बगदाद हे पुस्तक लिहिले. मराठीत कॅप्टन गोपाळ गंगाधर लिमये यांचे सैन्यातील आठवणी (१९३९) हे पुस्तक उल्लेखनीय आहे. विनोदी कथालेखक म्हणून प्रसिद्ध असलेले लिमये सैन्यात डॉक्टर होते; त्यामुळे त्यांचे निवेदनही शिपायाचे नसून त्याच्या निकट वावरलेल्या सुशिक्षित अधिकाऱ्याचे आहे.

शिपायाचा स्वतःचा शब्द या काळात मुख्यतः पत्रांतून उरला आहे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची टपाल तपासणाऱ्या कचेरीने पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून सरकारला सादर केले. ही पत्रे अनेकदा लिहिता येणाऱ्या सोबत्याकडून लिहवून घेतलेली असत, ती तपासली जाणार हे शिपायाला ठाऊक असे आणि गावी पोहोचल्यावर ती कोणीतरी वाचून दाखवीत असे. एवढ्या हातांतून गेलेल्या मजकुरातही घरच्या बैलांची विचारपूस, पावसाची चौकशी आणि परक्या थंडीचे वर्णन टिकून आहे.

दुसरे महायुद्ध : १९३९–४५ च्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. मराठा पलटणी इटलीच्या मोहिमेत विशेष गाजल्या. नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, टायबर नदीचे खोरे, मरणोत्तर) व शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५, सेन्यो नदी) यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यांच्या पराक्रमाचे अधिकृत सन्मानपत्र सविस्तर आहे. परंतु अशा सन्मानपत्रात एका दिवसाची काही मिनिटेच येतात. अधिकाऱ्यांच्या आत्मवृत्तांत लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे इंग्रजी पुस्तक (१९८६) महत्त्वाचे असून जानेवारी १९४५ मधील आराकानातील कांगॉ येथील लढाईत ते एका पलटणीचे नेतृत्व करीत होते.

स्लेजचे आत्मवृत्त : सामान्य शिपायाच्या स्मृतिलेखनाचा आदर्श म्हणून ज्याचा वारंवार निर्देश केला जातो, ते विथ द ओल्ड ब्रीड (१९८१) हे पुस्तक यूजीन स्लेज (१९२३–२००१) या अमेरिकी मरीन सैनिकाचे आहे. ॲलाबॅमा राज्यातील मोबील या गावच्या डॉक्टरचा हा मुलगा. अधिकारी होण्यासाठी त्याला महाविद्यालयात पाठविण्यात आले असता, युद्ध संपण्यापूर्वी आघाडीवर पोहोचता यावे म्हणून तो मुद्दाम नापास झाला व साधा शिपाई म्हणून दाखल झाला. पहिल्या मरीन डिव्हिजनच्या पाचव्या रेजिमेंटमध्ये तो ६० मिमी. उखळी तोफेवर काम करीत असे.

१५ सप्टेंबर १९४४ रोजी त्याची तुकडी प्रशांत महासागरातील पेलेलिऊ बेटावर उतरली. तीन-चार दिवसांत संपेल असे वाटलेली ही लढाई दोन महिन्यांहून अधिक काळ चालली. प्रवाळखडकाच्या भूमीत खंदक खणता येत नव्हते, पिण्याचे पाणी दुर्मिळ होते व तापमान ४५° से. च्या आसपास जात होते. सुमारे ११,००० जपानी सैनिकांपैकी जवळजवळ सर्व मारले गेले. त्यानंतर एप्रिल ते जून १९४५ या काळात स्लेज ओकिनावा बेटावर लढला. तेथे पाऊस, चिखल व न पुरलेली प्रेते यांच्या सान्निध्यात त्याच्या तुकडीने आठवडे काढले.

शत्रूच्या हाती माहिती पडू नये म्हणून शिपायांना रोजनिशी ठेवण्यास मनाई होती. स्लेजने आपल्या खिशातील ‘नव्या करारा’च्या प्रतीत त्रोटक टिपणे केली. युद्धानंतर तो जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला. दुःस्वप्नांनी त्याचा दीर्घकाळ पिच्छा पुरविला. मूळचा शिकारीचा छंदही त्याने सोडून दिला. प्रथम कुटुंबियांसाठी म्हणून लिहिलेल्या आठवणी पत्नीच्या आग्रहामुळे छत्तीस वर्षांनी ग्रंथरूप पावल्या.

या पुस्तकाचे महत्त्व त्यातील प्रामाणिकपणात आहे. मृत जपान्यांचे सोन्याचे दात काढणारे सोबती त्याने दाखविले, तसेच आपणही तसे करण्यास प्रवृत्त झालो होतो व एका वैद्यकीय सेवकाने युक्तीने परावृत्त केले, हेही सांगितले. शिस्त, सोबत्यांविषयीची निष्ठा व कंपनीचा प्रमुख कॅप्टन हॉल्डेन याच्याविषयीचा आदर यांबरोबरच युद्ध हे माणसाला पशुत्वाकडे नेणारे व निरर्थक नाश करणारे आहे, ही जाणीव त्यात सतत आढळते. शौर्य व अधःपात ही दोन्ही एकाच माणसांत पाहिल्यामुळे त्याचे निवेदन गौरवगाथेहून वेगळे ठरते. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील द पॅसिफिक (२०१०) या मालिकेस हे पुस्तक एक आधार ठरले.

विश्वसनीयता : स्मृतिलेखन हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. आठवण कालांतराने बदलते. नंतर वाचलेले वा ऐकलेले तिच्यात मिसळते. लेखक स्वतःला सोयीचे तेवढे सांगू शकतो. म्हणून तारीख, स्थळ व तुकडीच्या हालचाली यांची पडताळणी युद्धरोजनिशा व पलटणीचे अहवाल यांवरून करावी लागते. याउलट भय, थकवा, सोबत्याचा मृत्यू यांविषयी शिपायाचा शब्द हाच प्रथम प्रतीचा पुरावा असतो. वाचलेलेच लिहू शकतात, ही या साधनाची आणखी एक मर्यादा होय; पडलेल्यांची बाजू त्यांच्या सोबत्याच्या लेखणीतूनच येते.

नाव व संख्या : स्मरणाचा प्रश्न अखेर नावाशी येऊन थांबतो. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांतून संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. गावातून किती पुरुष युद्धावर गेले व किती मरण पावले, एवढीच संख्या त्यांवर असते. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावी अशा ४६ मृतांचे स्मारक आहे. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील स्मारकावर (१९२७) ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली व शिपायांची पलटणवार संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ मधील अहवालाने ही विषमता मान्य केली : निदान १,१६,००० व कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे, मुख्यतः आफ्रिकी व मध्यपूर्वेतील, नावाने वा अन्य प्रकारे स्मरण झालेले नाही, असे त्यात नमूद आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हा दृष्टिकोन बदलला. नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकात (२०१९) स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे हुद्द्याचा भेद न करता कोरलेली आहेत. इटलीतील मोंतोने येथे २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारण्यात आले.

कौटुंबिक साधने : लिखित आत्मवृत्ते थोडी असली, तरी शिपायाच्या सेवेचे पुरावे घरोघरी असू शकतात. पहिल्या महायुद्धातील रौप्य पदकाच्या काठावर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असतात. सेवामुक्तीचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद, पत्रे व छायाचित्रे यांवरून त्याच्या नोकरीचा क्रम लावता येतो व तो पलटणीच्या इतिहासाशी जुळविता येतो. भीमथडीसारख्या भागात या साधनांचे जतन विशेष निकडीचे आहे. उजनी धरणाच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची अनेक गावे मूळ जागेवरून उठली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले म्हणजेच उघडे पडते. स्थलांतरात घरातील जुन्या पेट्या व कागद हरवतात आणि त्यांबरोबर नावेही हरवतात.

महायुद्धांत लढलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांतील सैनिकही वृद्ध झाले आहेत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांच्याच बोलीत उतरवून घेणे, हा स्मृतिलेखनाचा आजचा उपयुक्त मार्ग होय. अशा नोंदीत क्रमांक, पलटण, स्थळ व वर्ष यांबरोबर सोबत्यांची नावे येणे आवश्यक असते. कारण न परतलेल्या शिपायाचे नाव बहुधा परतलेल्या शिपायालाच ठाऊक असते.